एकशे सतरा दगड

बुटाखाली काहीतरी टोचलं म्हणून मी खाली पाहिलं, आणि मला माझंच अक्षर दिसलं. आमच्या विभागाच्या इमारतीमागे गाड्या लावायची जागा आहे. तिथे दोन वर्षं घोटाभर खोल असा लांबलचक खड्डा होता. त्या सोमवारी सकाळी तो भरलेला होता, वर बारीक खडी पसरलेली, रोलर फिरून गेलेला. त्या खडीतून मुठीएवढा एक काळा दगड डोकं वर काढून बसला होता आणि त्याच्यावर पांढऱ्या रंगाचा एक बाण होता. बाणाशेजारी दोनशे एकाहत्तर हा आकडा, घाईत काढलेला, पण माझाच. पहिल्यांदा मला राग वगैरे काही आला नाही. माझ्या पिशवीतून पडला असेल असं वाटलं, आणि पडलेला रुमाल उचलावा तशी मी वाकले. तो निघेना. नखांनी खडी उकरली तर शेजारी दुसरा लागला, अर्धा फुटलेला, त्याच्यावर बाणाचं नुसतं शेपूट. मग तिसरा, त्याच्यावर काहीच नाही, नुसता पांढरट ओरखडा. मी तिथेच गुडघे टेकून बसले होते आणि मागून येणारे दोन विद्यार्थी मला वळसा घालून गेले, जाताना एकाने विचारलंसुद्धा, काही हरवलं का म्हणून. मी नाही म्हणाले. का नाही म्हणाले कोण जाणे. हरवलं असं म्हणणं खोटं झालं असतं, कारण सगळं समोरच होतं.

दगड म्हणजे काय ते लोकांना सांगायला गेलं की लोक आधी हसतात. पाच वर्षांत मला त्याची सवय झाली आहे. भूविज्ञान शिकतेस म्हणजे दगड गोळा करतेस ना, असं विचारणाऱ्यांत माझे भाऊजीही आले आणि बँकेतला कारकूनही आला. हो, करते. लाव्हा थंड होत असताना त्याच्यातले लोखंडाचे बारीक कण त्या वेळच्या उत्तरेकडे तोंड करून बसतात, आणि एकदा बसले की कोट्यवधी वर्षं तसेच राहतात. पृथ्वीचं चुंबक अधूनमधून उलटं होतं. माझ्या डोंगरात खालच्या थरांत ही दिशा सरळ होती, वरच्या थरांत उलटी होती, आणि मधल्या सहा थरांत ती वळत होती. ती कशी वळली, शहाण्यासारखी सावकाश की वेड्यासारखी इकडेतिकडे धावत, एवढाच माझा प्रबंध. हे सहा थर कुणाला कधी दिसलेच नसते. रस्ता रुंद करायला डोंगर कापला म्हणून ते उघडे पडले, आणि तिथल्या मुकादमाने मला अकरा दिवस दिले. बाराव्या दिवशी त्या कापावर जाळी ठोकून सिमेंटचा फवारा मारायचा होता. अकरा दिवस मी शिडीवर उभी राहून आधी दगडावर बाण काढत होते, होकायंत्राचं माप वहीत लिहीत होते आणि मगच दगड फोडत होते. बाण आधी काढावाच लागतो. बाण नसेल तर दगड कितीही चांगला असो, त्याचं तोंड कुठे होतं ते कुणालाच सांगता येत नाही, तो मुका. बाराव्या दिवशी फवाऱ्याची गाडी आली तेव्हा माझ्याकडे सहा थरांचे एकशे सतरा नमुने होते, आधीच मोजून झालेल्या खालच्या-वरच्या थरांच्या नमुन्यांपुढे क्रमांक चालू ठेवलेले, उजव्या हाताच्या दोन बोटांना टाके होते, आणि मुकादम म्हणाला, बाई, आता तरी खाली उतरा.

भांडारात माझ्या नऊ पेट्यांची जागा रिकामी होती आणि ती जागा पुसून घेतली होती. भांडार सांभाळतात ते मामा. विभागातले सगळे त्यांना मामाच म्हणतात, सरही, म्हणजे आमचे विभागप्रमुख आणि माझे मार्गदर्शक. निवृत्तीला चार महिने राहिलेला उंच, वाकलेला माणूस, आणि त्याच्या भांडारात तीस वर्षांपूर्वीचा दगडसुद्धा डोळे मिटून सापडतो. मी दारात उभी राहिले तेव्हा मामा स्टुलावर बसून एक रिकामी पेटी घासत होते. त्यांनी वर पाहिलं, माझ्या हातातला तो अर्धा दगड पाहिला, आणि त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून मला कळलं की हे दगड अजून मोजायचे होते हे त्यांना आत्ताच कळतंय. गुरुवारी तपासणी समिती येणार म्हणून सरांनी साफसफाईची यादी दिली होती. पिवळी पट्टी असलेल्या सगळ्या पेट्या रिकाम्या करायच्या आणि दगड मागच्या खड्ड्यात टाकायचे, म्हणजे एका कामात दोन कामं. आमच्या विभागात पिवळी पट्टी म्हणजे काम झालेला दगड, आता नको असलेला. हा नियम सरांनी वीस वर्षांपूर्वी केला आणि तो कुठेही लिहिलेला नाही, इथे वाढलेल्यांना तो आपोआप माहीत असतो. मी इथे वाढलेली नाही. मी जिथे पदवी घेतली तिथे पिवळी पट्टी म्हणजे आधी घ्यायचं काम. चुंबकत्व मोजायचं यंत्र सात महिने बंद होतं, ते दुरुस्त होऊन आलं की सगळ्यात आधी हेच लावायचे म्हणून मी माझ्या हातांनी, कात्रीने सरळ कापून, नऊ पेट्यांवर नऊ पिवळ्या पट्ट्या चिकटवल्या होत्या.

“मी विचारलं होतं हो,” मामा म्हणाले. “दोनदा विचारलं. म्हटलं सर, या तर बाईंच्या पेट्या दिसतात. सर म्हणाले, पिवळं आहे ना, मग विचारताय काय.” आणि ते पेटी घासत राहिले. पेटी केव्हाच स्वच्छ झाली होती.

इथे माझा संताप सुरू झाला, आणि तो आधी माझ्यावरच उलटला. वेगळा रंग घेतला असता तर. लाल पट्टी दुकानात होती, मला आठवतं, लालची गुंडाळी पिवळीच्या शेजारीच होती आणि मी हात पुढे करून पिवळी उचलली. भूविज्ञान शिकणाऱ्या बाईने पट्टीचा रंग निवडताना दुकानदाराला विचारायचं होतं की काय, की बाबा, आमच्या सरांच्या मनात पिवळ्याचा अर्थ काय आहे? पायऱ्या चढता चढता मी स्वतःला असं फैलावर घेत होते, आणि दुसऱ्या मजल्यावर पोचता पोचता मला तो दिवस आठवला. आठवला म्हणजे पूर्ण उभाच राहिला. दोन महिन्यांपूर्वीची दुपार. सर चहाचा कप घेऊन भांडारात आले होते, कान तुटलेला निळा कप. त्यांनी माझ्या वरच्या पेटीवर बोटाने टकटक केलं आणि विचारलं, हे पिवळं कसलं. मी सांगितलं, यंत्र आलं की आधी हे. सर हसले. म्हणाले, आमच्याकडे पिवळं म्हणजे संपलेलं. मी म्हणाले, मग आत्ताच काढते. तर म्हणाले, असू दे असू दे, मामांना सांगून ठेवतो. असू दे हा शब्द दोनदा म्हणाले. मी पट्टीचं एक टोक नखाने सोडवलंही होतं, ते मी पुन्हा दाबून बसवलं. सरांनी सांगून ठेवतो म्हटल्यावर त्यांच्या मागून आपण पुन्हा सांगायला जायचं म्हणजे त्यांच्यावर विश्वास नाही असं दिसतं, असं मला तेव्हा वाटलं. आम्हा पोरींना घरीदारी जे काय शिकवलं त्यातलं हे एक, की मोठ्या माणसाने मनावर घेतलेलं काम आपण पुन्हा काढायचं नाही.

सर आवाज चढवणारे नाहीत. खुर्चीत बसवून पाणी देणारे आहेत. त्यांनी मला पाणी दिलं, तो अर्धा दगड हातात घेऊन भिंग लावून पाहिला, आणि खरोखर हळहळले. अरेरे म्हणाले. मग मी त्या दुपारची आठवण करून दिली तेव्हा त्यांनी भिंग टेबलावर ठेवलं आणि कपाळाला आठ्या घातल्या, मनापासून आठवायचा प्रयत्न करत असल्यासारख्या. असं काही बोलणं झाल्याचं मला तरी आठवत नाही, म्हणाले. मी कपाचा रंग सांगितला. त्यांना हसू आलं. तुझी स्मरणशक्ती दांडगी आहे, म्हणाले, आणि त्या एका वाक्याने माझं म्हणणं खरं असण्याऐवजी माझा एक गुण होऊन बसलं. या माणसाने जन्मभर दगडांची आठवण वाचण्याचं काम केलं. सहा कोटी वर्षांपूर्वी उत्तर दिशा कुठे होती ते त्यांना एका अंशापर्यंत सांगता येतं. दोन महिन्यांपूर्वी आपण भांडारात काय बोललो ते नाही. ते खोटं बोलत असते तर मला बरं वाटलं असतं. ते बहुतेक खोटं बोलत नव्हते. त्यांच्या दृष्टीने ते बोलणं लक्षात ठेवण्याइतकं महत्त्वाचं नव्हतं, आणि ते त्यांच्या आत कुठेही उरलेलं नव्हतं, याचीच मला जास्त चीड आली.

मग सरांनी मार्ग काढला. मार्ग काढण्यात त्यांचा हातखंडा आहे. खणातून कोरा कागद काढून त्यांनी स्वतःच्या हाताने मसुदा लिहिला, की भांडार कर्मचाऱ्याच्या हलगर्जीपणामुळे सदर नमुने अनवधानाने नष्ट झाले. खाली माझी सही. एवढं असलं की मला एक वर्षाची मुदतवाढ मिळेल, विभागावर ठपका येणार नाही. आणि मामा? मामांचं काय व्हायचंय, चार महिने तर राहिलेत, एक कागद फाइलला लागेल. आणि मुदतवाढ घेऊन मी करायचं काय, डोंगरावर तर सिमेंट आहे, असं मी विचारलं तेव्हा सर पुढे झुकले आणि फारच मायेने बोलले.

“खालची दिशा तुझ्याकडे आहे. वरची आहे. मधे ती वळली एवढं नक्की. एक गुळगुळीत वक्र रेघ काढ आणि त्याच्यावर एकशे सतरा आकडे बसव, इकडेतिकडे थोडे सांडून दे, म्हणजे खरे वाटतील. परीक्षक दगड मागत नाहीत गं, मोजून झाल्यावर गेले एवढं लिहायचं.”

“पण ती कशी वळली हेच तर विचारलंय, सर.”

“तुला पदवी हवीये ना?”

 पाच वर्षांत या माणसाने मला दशांश चिन्हानंतरचा एक आकडा चुकला म्हणून अख्खं कोष्टक पुन्हा करायला लावलं होतं, आणि मी ते आनंदाने केलं होतं, कारण काम असंच करायचं असतं असं मला वाटलं होतं. आता तेच मला आकडे सांडायला शिकवत होते, पोरीला लाडू वळायला शिकवावं तसे. त्यांच्या मायेचीच मला घाण वाटली. मी कागद घडी करून पर्समध्ये टाकला, विचार करून सांगते म्हणाले, आणि बाहेर येताना दार नेहमीसारखं हळूच लावून घेतलं. ते हळू दार लावणं मला त्या दिवशी सगळीकडे आठवत राहिलं.

मी ताईकडे राहते. ताई रक्त तपासण्याच्या प्रयोगशाळेत आहे, दिवसभर बाटल्यांवरची नावं वाचते, म्हणून मला वाटलं होतं की निदान तिला समजेल. तिला समजलं. तिने संध्याकाळी जेवताना सगळं नीट ऐकून घेतलं, घासही थांबवला. मग म्हणाली, आमच्याकडे बाटली फुटली तर आम्ही माणसाला फोन करतो, तो परत येतो, दुसऱ्या हातातून रक्त देतो. तुझ्या डोंगराला फोन करता येत नाही, मग रडून काय उपयोग. सही कर. तू चौतीस वर्षांची आहेस, आणि तुझ्या त्या वळलेल्या दिशेची या अख्ख्या गावात कुणी वाट पाहत नाहीये. भाऊजी म्हणाले, दगडच तर होते. ताईने त्यांना डोळ्यांनी गप्प केलं, पण ती काही त्यांच्याहून वेगळं बोलली नव्हती. मला तिच्याशी कडाडून भांडायचं होतं. तू बाटलीवर अंदाजे आकडा लिहिशील का, असं विचारायचं होतं, आणि मी विचारलंही. ती म्हणाली, मी नाही लिहिणार, पण माझ्या अंदाजाने माणूस मरतो, तुझ्या अंदाजाने कोण मरतंय? मी ताट उचललं आणि नळाखाली धरलं.  कुणीच मरत नव्हतं. फक्त एक गोष्ट जगात एकदाच घडली होती, तिचा पुरावा माझ्याकडे होता, आणि आता त्याच्या जागी मी रचलेली एक गुळगुळीत रेघ लोक पुस्तकात वाचणार होते. पुढे कुणीतरी मुलगी ती रेघ खरी धरून आपला प्रबंध लिहील. तिला मी काय सांगणार, की मला तेव्हा चौतीस पूर्ण झाली होती?

मंगळवारी मामाच मला शोधत वाचनालयात आले. कागदाची बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. ते बसले नाहीत. खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले आणि म्हणाले, करा सही, माझं काही वाईट वाटून घेऊ नका, बोलणी खायची मला सवय आहे, तुमचं वर्ष वाचतंय ना. मी विचारलं, तुम्ही समितीपुढे सांगाल का, की सरांना दोनदा विचारलं होतं? त्यांनी खुर्चीवरची न दिसणारी धूळ झटकली. सरांनी माझ्या पोरीला इथे चिकटवलंय बाई, कार्यालयात, म्हणाले. मग म्हणाले, तीस वर्षांत माझ्या हातून एक दगड इकडचा तिकडे झाला नाही. हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नाही, नुसतं सांगितलं, आणि गेले. मला त्यांचाही राग आला. सगळेच किती समजूतदार होते. प्रत्येक जण माझ्यासाठी काही ना काही सोडायला तयार होता, आणि सोडून सोडून शेवटी जे उरत होतं ते सरांच्या सोयीचं होतं. सर बिचारे काहीच मागत नव्हते.

बुधवारी सकाळी मी पर्समधला कागद काढून चार वेळा वाचला. पाचव्यांदा त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला मी त्या दुपारचं सगळं लिहिलं, डोंगरावर वहीत लिहिते तसं, तारीख, वेळ, जागा, कोण काय म्हणालं, कपाचा रंग, असू दे दोनदा. मामांचं नाव लिहिलं नाही, ते त्यांचं त्यांनी ठरवायचं. खाली सही केली आणि कागद सरांच्या टेबलावर भिंगाखाली ठेवून आले. सर खोलीत नव्हते. मग माझा हातोडा आणि छिन्नी घेऊन मी मागच्या बाजूला गेले, दोनशे एकाहत्तरशेजारी बसले आणि खणायला लागले. हे सगळं मी ठरवून केलं असं म्हणायला मला आवडेल, पण पायच तिकडे गेले. काढलेल्या दगडावर बाण आणि आकडा शिल्लक असेल तर तो दगड मेलेला नाही, तो अजून मोजता येतो, एवढंच डोक्यात होतं, आणि हे मला सोमवारीच कळायला हवं होतं. सोमवारपासून मी कोण चुकलं हाच हिशेब घालत बसले होते आणि दगड तिथेच होते.

पहिल्या तासात चार निघाले. दोन फुटलेले, एकाचा रंग खरवडून गेलेला, एक बरा. विद्यार्थी जमले. कार्यालयातून कुणीतरी येऊन सांगून गेलं की उद्या समिती आहे, हे काय चालवलंय. मी हूं म्हणाले आणि खणत राहिले. कुणीतरी माझा फोटो काढला. घाम डोळ्यांत जात होता, डोंगरावर टाके पडलेली ती दोन बोटं पुन्हा दुखत होती, आणि गेल्या तीन दिवसांत पहिल्यांदाच मला स्वतःची लाज वाटत नव्हती. दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत सर येऊन उभे राहिले. त्यांच्या हातात माझा कागद होता की दुसरा कुठला, ते खालून दिसत नव्हतं. त्यांनी वरूनच हाक मारली, अगं, वर ये, आपण बोलू. मी पाचवा दगड काढला. तोही मुका निघाला.

“तिथे काही मिळायचं नाही,” मागून कुणीतरी म्हणालं.

मामा होते. खांद्यावर पहार होती. एरवी भांडारातसुद्धा कुजबुजल्यासारखं बोलणारा हा माणूस आता चार लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलत होता, आणि ते माझ्याकडे न बघता वर खिडकीकडे बघत होते. “तिथे पहिल्या पाच पेट्या. मी ओतल्यात ना, मला माहितेय. सरांना दोनदा विचारून ओतल्या. नंबराने ओतल्या, एक नंबर फाटकाकडे आणि नऊ नंबर भिंतीशी. टाकायचं झालं तरी मला नंबर सोडून टाकता येत नाही. शुक्रवारी संध्याकाळी ओतल्या आणि शनिवारी रोलर आला. इथे चार वेळा फिरला. भिंतीशी गेलाच नाही. तिथे वरवर नुसती खडी फेकली.”

का नाही गेला, मी विचारलं.

मामांनी पहारीने दाखवलं. भिंतीला लागून, नेहमीच्या जागी, सरांची गाडी उभी होती. शनिवारी सकाळी सर समितीच्या तयारीसाठी आले होते आणि ओतलेल्या दगडांवरच रोजच्या जागी गाडी लावून वर गेले होते. रोलरवाल्याने पहारेकऱ्याला विचारलं, पहारेकऱ्याने कार्यालयात विचारलं, आणि सरांना गाडी काढायला सांगायची कुणाचीच छाती झाली नाही. रोलर वळून गेला. सहा, सात, आठ, नऊ. चार पेट्या, शेवटच्या तीन थरांचे नमुने, पन्नासाच्या वर, गेले पाच दिवस त्या गाडीच्या चाकांमध्ये सैल पडून होते, बाणांसकट.

मी उठून उभी राहिले. हातातली माती कपड्यांना पुसली. पाच वर्षांत सरांशी बोलताना माझं प्रत्येक वाक्य ‘सर, वेळ असेल तर’ असंच सुरू झालं होतं. वर खिडकीत ते अजून उभे होते.

“सर,” मी म्हणाले, “गाडी काढा.”